एसी दुरुस्तीच्या धंद्याला लायसन्स लागतं का? सर्व्हिस ४९९ रुपयांत आणि गॅस तीन हजारांना, हे गणित नेमकं काय आहे?

मार्च उजाडला की प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. "कुणाकडे चांगल्या एसीवाल्याचा नंबर आहे का?" त्याखाली सात-आठ नंबर येतात आणि प्रत्येक नंबरखाली कुणीतरी लिहितं, "याला बोलवू नका, याने माझ्याकडून गॅसचे पैसे उकळले."

माझ्यासोबत पण हेच झालं. पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. ४९९ ची सर्व्हिस बुक केली. दोन पोरं आली, पाण्याचा फवारा मारला, बाहेरच्या युनिटला गेज लावलं आणि तिसऱ्या मिनिटाला डायलॉग आला, "सर, गॅस कमी झालाय." बिल झालं साडेतीन हजार. पुढच्या वर्षी दुसरा माणूस आला, त्यानेही तेच सांगितलं.

तेव्हा डोक्यात आलं, की या माणसाला माझ्या घरातल्या यंत्राचा गॅस भरायची परवानगी नक्की देतं कोण?

तर उत्तर आहे, कुणीच नाही.

कागद लागतात, पण ते दुकानाचे

समजा उद्या तुम्हाला एसी दुरुस्तीचा धंदा सुरू करायचाय. महाराष्ट्रात त्यासाठी काय लागेल?

पहिली गोष्ट गुमास्ता. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असतील तर परवाना काढायची भानगड नाही. ऑनलाइन सूचना द्यायची, पावती मिळते, ती फ्रेम करून भिंतीवर लावायची. दुसरं उद्यम रजिस्ट्रेशन. आधार आणि पॅन असलं की ते घरबसल्या होतं आणि फुकट होतं. (यासाठी हजार-दीड हजार मागणारे एजंट भरपूर आहेत, त्यांना एक रुपया देऊ नका.) तिसरं जीएसटी. फक्त सेवा देत असाल तर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे जाईपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पुढे गेली की बिलावर १८ टक्के लावायचे. ५० लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या सेवा व्यावसायिकांना ६ टक्क्यांची कंपोझिशन स्कीम आहे, पण मग ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही.

झालं. या सगळ्यात एकही कागद असं विचारत नाही, की बाबा तुला फ्लेअर मारता येतो का? व्हॅक्यूम म्हणजे काय माहितीये का?

एकाच ठिकाणी खरं लायसन्स आडवं येतं आणि ते म्हणजे वीज. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार वायरिंगचं काम, त्यातली वाढ किंवा बदल हा परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच व्हायला पाहिजे. त्यासाठी राज्यात अनुज्ञापक मंडळ आहे, ते ठेकेदाराला लायसन्स आणि वायरमनला परमिट देतं. घरातलं उपकरण नुसतं बदलायचं असेल तर नियमात सूट आहे. म्हणजे जुना एसी काढून त्याच पॉइंटवर तेवढ्याच क्षमतेचा नवा लावला तर अडचण नाही. पण मीटरपासून नवीन वायर ओढायची, वेगळी एमसीबी टाकायची, तर ते काम वायरमनचं.

प्रत्यक्षात काय होतं? एसी लावायला आलेलाच माणूस "भाऊ, वायर पण टाकून देतो, पाचशे द्या" म्हणतो. आपण देतो. वायर किती जाडीची टाकली हे आपण विचारत नाही, तो सांगत नाही.

मग आयटीआय कशाला आहे?

आहे ना. रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आयटीआयमध्ये आहे, दहावीनंतर करता येतो. कोकणातली, नगर-नाशिककडची कितीतरी पोरं हा ट्रेड करून आखातात गेली. तिकडे वर्षभर एसी चालतो आणि सर्टिफिकेटला किंमत आहे. शिवाय स्किल इंडियाखाली एसी टेक्निशियनचे छोटे कोर्सेस आहेत. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचा ओझोन सेलही टेक्निशियनना ट्रेनिंग देतो.

२०१९ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन आणला. २०३७-३८ पर्यंत देशातली कूलिंगची मागणी २०१७-१८ च्या तुलनेत साधारण आठपट होईल, असा त्यात अंदाज आहे. त्याच प्लॅनमध्ये २०२२-२३ पर्यंत एक लाख टेक्निशियनना ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट द्यायचं उद्दिष्ट होतं.

म्हणजे सर्टिफिकेट आहे, पण ते नसलं तरी कुणी अडवत नाही. गल्लीतल्या बहुतेक एसीवाल्यांचं शिक्षण झालंय ते उस्तादाच्या हाताखाली. आधी दोन सीझन शिडी धरायची आणि पाइप वाहायचे, मग हळूहळू गेज हातात येतं. त्यातले काही जण इतके तयार असतात, की कंपनीचा माणूसही त्यांना फोन करून विचारतो. आणि काहींना दहा वर्षांनीही व्हॅक्यूम पंप म्हणजे वेळेची नासाडी वाटते. ग्राहकाला मात्र बाहेरून दोघं सारखेच दिसतात, ही खरी गोची आहे.

अमेरिकेत चित्र उलटं आहे. तिथे क्लीन एअर ॲक्टच्या कलम ६०८ नुसार एसीच्या गॅसला हात लावायला सर्टिफिकेट लागतं आणि ते नसलेल्याला गॅसचा सिलेंडरही विकत मिळत नाही. कॅलिफोर्नियात हीटिंग-कूलिंगच्या ठेकेदाराला सी-२० नावाचं लायसन्स काढावं लागतं, त्यासाठी चार वर्षांचा अनुभव आणि परीक्षा. त्यामुळे तिकडे माणूस नुसता दारात आला तरी घसघशीत बिल होतं, हेही खरं. आपल्याकडे सेवा स्वस्त आहे, त्यामागे हेही एक कारण आहे.

पण लायसन्स नसलं तर बिघडलं काय?

दहा-पंधरा वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारला असता तर फारसं काही नाही, असं म्हणता आलं असतं. तेव्हा बहुतेक एसींमध्ये आर-२२ गॅस असायचा. तो पेट घेत नाही. हलगर्जी माणसालाही सांभाळून घेणारा गॅस. पण तो ओझोनच्या थराला भोक पाडतो, म्हणून आंतरराष्ट्रीय करारानुसार भारताने २०२४ अखेर नवीन यंत्रं बनवताना त्याचा वापर बंद केला.

आता दुकानात मिळणाऱ्या बहुतेक एसींमध्ये आर-३२ आहे. हा गॅस कमी प्रमाणात का होईना, पेट घेऊ शकतो आणि त्याचं प्रेशर आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतं. काही कंपन्यांच्या मॉडेलमध्ये आर-२९० असतो. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, तुमच्या घरातल्या एलपीजी सिलेंडरचाच भाऊ. म्हणजे जुने गेज, जुने पाइप आणि तोंडात विडी घेऊन आर-२२ वर काम शिकलेला माणूस आज या गॅसवर काम करतोय.

कॉम्प्रेसर फुटल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्यामागची दोन कारणं समजून घ्या, दोन्ही माणसाच्या चुकीची आहेत. एक, लीक शोधायला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन भरणं. वेल्डिंगसाठी ऑक्सिजनची टाकी जवळ असतेच, मग तोच वापरला जातो. पण कॉम्प्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आला की स्फोट होऊ शकतो. दोन, एसी काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतात, त्याला पंप डाउन म्हणतात. ते करताना कॉम्प्रेसर चालू असतानाच पाइप सोडला तर हवा आत जाते, तेल आणि हवा दाबाखाली तापते आणि डिझेल इंजिनमध्ये होतं तसं आतच पेटतं. युनिट अक्षरशः फुटतं, आणि समोर उभा असतो तो टेक्निशियन.

शिवाय उंची आहेच. सातव्या मजल्यावर खिडकीबाहेर अँगलवर युनिट, माणूस एका पायावर ग्रिलला धरून उभा, सेफ्टी बेल्ट बाइकच्या डिकीत. बेल्ट घालायला आणि हुक अडकवायला दहा मिनिटं जातात आणि पुढचा कॉल वाट बघत असतो.

ही दहा मिनिटं का परवडत नाहीत, ते समजायला धंद्याचा हिशोब बघावा लागेल.

हिशोब मांडूया

आधी भांडवल. मॅनिफोल्ड गेज, व्हॅक्यूम पंप, क्लॅम्प मीटर, फ्लेअरिंग सेट, पाइप बेंडर, सर्व्हिसचा जेट पंप, ड्रिल मशीन, शिडी, गॅस मोजायचा वजनकाटा, ब्रेझिंगचा सेट. बरं सामान घेतलं तर चाळीस ते साठ हजारांच्या घरात जातं. बाइक वेगळी. भिंतीला गोल भोक पाडायची कोअर कटिंग मशीन घेतली तर अजून वाढतं. बँकेकडे गेलात तर मुद्रा योजनेतून ५० हजारांपर्यंत शिशू आणि त्यावर ५ लाखांपर्यंत किशोर कर्ज आहे. पीएम विश्वकर्मा योजनेत मात्र सुतार, लोहार, कुंभार अशा १८ पारंपरिक व्यवसायांची यादी आहे, तिथे एसी मेकॅनिकला जागा नाही.

आता कमाई. पुण्या-मुंबईत साधारण जेट सर्व्हिसचे ५०० ते ८००, एसी बसवायचे १५०० ते २०००, पूर्ण गॅस भरायचे २५०० ते ४००० असे दर ऐकायला मिळतात. कॉपर पाइपचे पैसे मीटरवर वेगळे.

समजा एका माणसाने सीझनमध्ये दिवसाला पाचशेच्या पाच सर्व्हिस केल्या. झाले अडीच हजार. त्यातून हेल्परचे सातशे-आठशे आणि पेट्रोलचे दोनशे गेले. ॲपवरून काम आलं असेल तर त्याचं कमिशन गेलं. हातात उरतात हजार-बाराशे, फार तर पंधराशे. त्यात एखाद्या ग्राहकाचा पीसीबी उडाला आणि खापर याच्यावर फुटलं, तर आठवड्याची कमाई गेली. आणि हे सगळं मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत. पाऊस पडला की फोन वाजायचा थांबतो. मग हीच मंडळी फ्रिज, वॉशिंग मशीन करतात. थंडीत गिझर. महाराष्ट्रात हीटिंगचा धंदा म्हणजे गिझर, बाकी काही नाही. विदर्भात तर एसीच्या आधी कूलरचा सीझन असतो, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंप बदलायचा, आणि बॉडीला करंट येतोय का ते बघायचं.

गेल्या वर्षी हा सीझनच बुडाला. २०२५ ला मान्सून २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला, नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका लवकर तो कधीच आला नव्हता. त्याआधीही मे महिनाभर अवकाळी चालू होता. मोठमोठ्या एसी कंपन्यांनी त्या तिमाहीत विक्री घसरल्याचं सांगितलं. कंपनी निदान पुढच्या तिमाहीची वाट बघू शकते. हातावर पोट असलेल्या ठेकेदाराचे जे वीस-पंचवीस दिवस गेले ते गेलेच. नंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवीन एसी स्वस्त झाले म्हणजे बसवायची कामं वाढणार, हे एसीवाल्यांसाठी चांगलं. पण जुन्यावर पाच-सहा हजार खर्च करण्यापेक्षा लोक नवीनच घेतात, म्हणजे दुरुस्तीची कामं काही प्रमाणात कमी होणार. दोन्ही बाजू आहेत.

कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर चालवणाऱ्यांना वाटतं आपण सेफ आहोत. कामाचा ओघ राहतो हे बरोबर, पण वॉरंटीतल्या प्रत्येक कॉलचा दर कंपनी ठरवते, वेळेत कॉल बंद झाला नाही तर पैसे कापले जातात, आणि पार्ट कंपनीकडून आला नाही तरी शिव्या ग्राहक यांनाच घालतो. ज्यांनी ऑफिसेस, दवाखाने, बँकांच्या शाखा अशा एएमसी धरल्यात त्यांचं बरं चाललंय. पैसे उशिरा येतात, टीडीएस कापून येतात, पण बारा महिने येतात. घरगुती कामावरच जगणाऱ्याला असा आधार नसतो.

आता परत त्या ४९९ कडे या. सर्व्हिसमध्ये काही सुटत नाही, म्हणून ती गिऱ्हाईक आणायचं साधन झाली. पैसे सुटतात ते गॅसमध्ये. मला राग आला होता त्या पोरांचा, अजूनही आहे. पण त्या दरात प्रामाणिकपणे काम करणारा माणूस टिकणार कसा, हे मला कागदावर मांडूनही जमलं नाही. जो व्हॅक्यूम करतो, वजन करून गॅस भरतो, तो दिवसाला दोन कॉल कमी करतो आणि त्याचा दर जास्त दिसतो. ग्रुपवर त्याच्याबद्दल "महाग आहे" असं लिहिलं जातं.

गॅस संपतो का?

नाही. हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी चालेल. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद पाइपमध्ये तोच तोच फिरत असतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. "दर दोन वर्षांनी टॉप-अप करावा लागतो" हे साफ खोटं.

गळतीची कारणं खरी असतात. फ्लेअर नट नीट आवळलेला नसतो. मुंबई, कोकण, गोव्यात खाऱ्या हवेने बाहेरची कॉइल खराब होते. नाल्याशेजारी, गटाराशेजारी राहत असाल तर तिथून येणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला बारीक छिद्रं पाडतो. नवीकोरी कॉइलसुद्धा अशा जागी लवकर जाते. तेव्हा प्रत्येक एसीवाला खोटंच बोलतो असंही नाही.

म्हणून तो "गॅस कमी आहे" म्हणाला की "लीक कुठे आहे ते दाखवा" म्हणायचं. साबणाच्या फेसाने बुडबुडे दिसतात किंवा नायट्रोजन भरून, प्रेशर धरून ठेवून तपासता येतं. लीक न काढता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं.

काम चालू असताना तिथे उभे राहा. बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं. दीड टनाच्या आर-३२ एसीत साधारण पाऊण ते एक किलो गॅस बसतो. सिस्टीम रिकामी होऊन पूर्ण गॅस भरायचा असेल तर आधी व्हॅक्यूम पंप लावलाच पाहिजे, वीसेक मिनिटं तरी. तो न लावता नुसता थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलत असेल तर आत ओलावा राहतो आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होतं. सिलेंडर वजनकाट्यावर ठेवून आधीचं आणि नंतरचं वजन बघा, किती ग्रॅम भरला ते कळतं. आर-३२ चं युनिट आणि हातात दुसऱ्याच गॅसचा सिलेंडर दिसला तर काम थांबवा. जुना गॅस हवेत सोडून देणं हाही आपल्याकडचा रोजचा प्रकार. एक किलो आर-३२ हवेत सोडला तर तो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडकवतो.

एसी अजून वॉरंटीत असेल तर कार्ड नीट वाचा. कॉम्प्रेसरवर दहा वर्षं लिहिलेलं असतं, पण गॅस, मजुरी आणि वाहतूक त्यात धरलेली असेलच असं नाही. बाहेरच्या माणसाने उघडलं तर वॉरंटी जाते का, हेही तिथेच बारीक अक्षरात सापडतं.

फसवलं तर जायचं कुठे?

लायसन्स नाही, म्हणजे रद्द करायलाही काही नाही. त्यामुळे तक्रार कौशल्याबद्दल करता येत नाही, सेवेबद्दल करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी हे तक्रारीचं कारण धरलंय आणि त्यात गल्लीतला एसीवाला, ॲप, कंपनी सगळे येतात. पहिल्यांदा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, ॲप किंवा कंपनी असेल तर बऱ्याचदा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार टाकता येते.

यातल्या कुठल्याही ठिकाणी पहिली मागणी असते बिलाची. यूपीआयचा स्क्रीनशॉट असला तर पैसे दिल्याचं दिसतं, काम काय झालं ते दिसत नाही. त्यामुळे बिलावर गॅसचं नाव, भरलेले ग्रॅम, लीक कुठे होता आणि किती दिवसांची गॅरंटी एवढं लिहून घ्या. छापील बिल नसेल तर व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवायला सांगा. बहुतेक जण पाठवतात. मी तिसऱ्या वर्षी ज्याला बोलावलं त्याने न सांगता पाठवलं होतं. लीक निघाला आत, भिंतीमागच्या फ्लेअर नटला, आणि त्याचे त्याने घेतले ३५० रुपये, गॅसचे वेगळे.